गल्ल्याशेजारची वेल

फाल्गुन सरत आला की नागझिऱ्याच्या जंगलात पायाखाली पाचोळा वाजू लागतो. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात चोरखमारा हे अभयारण्याच्या वेशीवरचे गाव आहे. गावाजवळ तलाव आहे आणि अभयारण्यात शिरण्याचे एक प्रवेशद्वारही येथेच आहे. श्रावणात या द्वाराशी उभे राहिले तर समोर हिरवी भिंत दिसते. चैत्राच्या तोंडावर मात्र त्याच जागेवरून झाडांच्या नुसत्या काड्यांमधून दूरवरचे दिसते. सागाने आपली मोठी पाने टाकून दिलेली असतात, ऐन आणि धावडा उघडे पडलेले असतात. जंगल वाळले असे नवख्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात ते काटकसर करीत असते. पानांतून पाणी उडते, जमिनीत पाणी उरलेले नाही, म्हणून खर्चाचे खातेच काही काळ बंद ठेवायचे, ही शुष्क पानझडी अरण्याची रीत आहे.

याच दिवसांत तिरोडा किंवा गोंदियाच्या बाजारपेठेत एखाद्या पेढीवर गेले, तर गल्ल्याशेजारी काचेच्या बाटलीत किंवा प्लास्टिकच्या कुंडीत एक वेल हिरवीगार लोंबताना दिसते. तिला मनीप्लांट म्हणतात. चोरखमाऱ्याच्या सागाला जे साधते ते या वेलीला साधत नाही; पाने गाळून उन्हाळा झोपून काढण्याची सोय तिच्या घडणीतच नाही. ती बारमाही ओल्या, उबदार बेटावरून आलेली आहे. व्यापारी घरांत ही वेल जितकी सर्रास लावली जाते, तितकीच सर्रास ती दगावते. दगावण्याचे कारण बहुधा दुर्लक्ष नसते; तिचे मूळ ठिकाण ठाऊक नसताना केलेली अतिरिक्त माया असते.

जैन घरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कुंडीतले झाड ही शोभेची वस्तू नव्हे, तो एकेंद्रिय जीव आहे. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात मनुष्यशरीर आणि वनस्पती यांची शेजारी शेजारी मांडून तुलना केलेली आहे: दोन्ही जन्मतात, वाढतात, आहार घेतात, छेदले असता कोमेजतात. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे या गोष्टी तीत येतात. त्यामुळे काही घरांतील वडीलधारी मंडळी कुंड्यांचा पसारा मुळीच नको म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. दहा कुंड्या आणून आठ मरू देणे हा परिग्रहही आहे आणि हिंसाही. मात्र घरात एखादी वेल आधीच आहे, नातवंडांचा तिच्यावर जीव आहे, अशा ठिकाणी तिला आश्रित मानून नीट सांभाळणे हाच मार्ग उरतो. सुदैवाची गोष्ट अशी की या वेलीच्या बाबतीत बागकामाचे शास्त्र आणि श्रावकाची जयणा बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सांगतात.

प्रथम तिचे मूळ. प्रशांत महासागरात, फ्रेंच पॉलिनेशियातील सोसायटी बेटांच्या समूहात मूरिया नावाचे लहानसे बेट आहे. मनीप्लांट मूळची तिथली. १८८० मध्ये लिंडेन आणि आंद्रे यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा तिला पोथॉस ऑरियस हे नाव मिळाले. अजूनही पाश्चात्त्य देशांत तिला पोथॉस म्हणतात. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला एका गटातून दुसऱ्या गटात हलवले आणि १९६४ पासून तिचे नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे आहे. ही ओढाताण होण्याचे कारण गमतीचे आहे. वनस्पतीची ओळख मुख्यतः फुलावरून पटते, आणि ही वेल जवळजवळ कधीच फुलत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा उलगडा झाला: फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक तयार करणारा तिच्यातील एक जनुक नीट काम करीत नाही. बाहेरून ते संप्रेरक दिले तर तिला फुले येतात.

फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून जगभरातल्या दुकानांत, दवाखान्यांत, बँकांत दिसणारी ही वेल तुकड्यातुकड्यांनीच पसरली आहे. एका वेलीचा तुकडा दुसऱ्याच्या बाटलीत, तिथून तिसऱ्याच्या कुंडीत. जैन ग्रंथांच्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. आचार्य नेमिचंद्रांच्या गोम्मटसाराच्या जीवकांडात आणि दशवैकालिक सूत्रातही वनस्पतींचे प्रकार त्या कशापासून उगवतात यावरून सांगितले आहेत: कोणी मुळापासून, कोणी शेंड्यापासून, कोणी बियांपासून. त्यात एक प्रकार पर्वबीज असा आहे, म्हणजे पेरापासून उगवणारी वनस्पती. ऊस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मनीप्लांट नेमकी अशी आहे. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते बरेच दिवस हिरवे राहील, एखादे वेळी देठाला मुळेही दिसतील, परंतु त्यातून वेल कधी व्हायची नाही. तुकड्यावर निदान एक पेर हवे, जिथे तपकिरी रंगाचा मुळाचा कोंब दिसतो आणि पानाच्या बगलेत डोळा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे पाच-पाच पाने खुडली जातात आणि पाचही वाया जातात. छाटल्यावर पुन्हा उगवण्याच्या या गुणाला ग्रंथांत आणखी एक अर्थ आहे. अशी वनस्पती अनेक जीवांचा आश्रय असू शकते असे मानले जाते, त्यामुळे हौसेखातर दर महिन्याला कात्री चालवणे टाळलेलेच बरे.

येथे एका लोकसमजाची दखल घेतली पाहिजे. चोरून आणलेली मनीप्लांट लाभते, मागून किंवा विकत घेतलेली लाभत नाही, असे अनेक घरांत मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. शेजाऱ्याच्या कुंपणावरून हळूच एक फांदी तोडणारी सुशिक्षित माणसेही आहेत. अचौर्य हे ज्यांचे अणुव्रत, त्यांनी न दिलेली वस्तू घेऊन घरात लक्ष्मीची वाट पाहावी, हा विनोद कोणाच्या ध्यानात कसा येत नाही कोण जाणे. चोरखमाऱ्याच्या नावात चोर आहे म्हणून तेथील वेल अधिक फळणार असेही नाही. रोपवाटिकेत हे रोप स्वस्त मिळते, आणि मागितले तर कोणी नाही म्हणत नाही.

आता जागेचा विचार. मूरियाच्या जंगलात ही वेल उंच झाडांच्या सावलीत जमिनीवर सरपटते आणि एखादे खोड सापडले की हवाई मुळांनी त्याला धरून वर चढते. वर चढू लागली की तिची पाने हातभर मोठी होतात, त्यांना फाटेही पडतात. लोंबकळत ठेवली तर पाने लहानच राहतात. दुकानातली आणि झाडावरची वेल एकच आहे यावर म्हणूनच चटकन विश्वास बसत नाही. मोठी पाने हवी असतील तर कुंडीच्या मध्यभागी काथ्या गुंडाळलेली जाडसर काठी रोवावी, काथ्या ओलसर राखावा आणि वेल तिला सैल बांधावी. वर चढणाऱ्या वेलीने धन चढते आणि लोंबणारीने उतरते, असा वास्तूचा सल्लाही हल्ली मिळतो. पानांचा आकार तेवढा बदलतो. विक्रीच्या आकड्यांशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

उजेड भरपूर, पण थेट ऊन नको, हे सूत्र या वेलीला लागू पडते. आपल्या पेठांतील जुनी घरे पुढे दुकान, मागे वखार आणि त्यामागे राहण्याची जागा अशी लांबट असतात. मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे वेल मरत नाही, परंतु दोन पानांमधले अंतर वाढत जाते, पाने लहान होतात आणि त्यांवरचे पिवळे-सोनेरी पट्टे फिकट होऊन सारे पान हिरवे होते. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असते. उजेड अपुरा झाला की वेल त्या चैनीला कात्री लावते. ज्या जागी दिवसा दिवा न लावता रोजमेळ वाचता येतो, ती जागा या वेलीला पुरेशी आहे. उलट पश्चिमेच्या दारात, जिथे दुपारचे ऊन शटरमधून सरळ आत येते, तिथे एप्रिल महिन्यात दोन दिवसांत पानांवर भाजल्यासारखे तपकिरी डाग पडतात. ते डाग भरून येत नाहीत.

पाण्याच्या प्रकरणावर मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण दगावलेल्या वेलींपैकी बहुतेक पाण्याने दगावतात. मुळांना पाणी लागते तसा प्राणवायूही लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. रोज पाणी घातले की त्या पोकळ्या भरून जातात, मुळे गुदमरतात आणि मग कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होऊन पिवळी पडतात. घरातील माणसाला वाटते की झाड तहानलेले आहे, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. रोगाचेच औषध म्हणून पुन्हा पुन्हा सेवन चालते.

ओल्याकच्च मातीत आणखी काय काय घडते ते जैन वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. पृष्ठभागावर हिरवे शेवाळ धरते, पांढरी बुरशी येते. ज्या लीलफूलवर पाय पडू नये म्हणून साधू-साध्वी रस्ता बदलतात, ते आपण आपल्या हाताने कुंडीत पिकवतो. पाठोपाठ मातीवर बारीक चिलटे उडू लागतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतल्या बुरशीवर आणि कोवळ्या मुळांवर जगतात. मग फवारणीचा प्रश्न येतो. हे सारे दुष्टचक्र एका सवयीने टळते. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर पाणी घालू नये. कुंडी उचलून पाहिली तरी कळते, कारण कोरडी कुंडी ओल्या कुंडीपेक्षा बरीच हलकी असते. वजनाचा अंदाज हाताने घेणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी येईल. पण हा केवळ अंदाज आहे, निर्णय बोटाने द्यावा. पाणी द्यायचे तेव्हा ते तळाच्या भोकातून झिरपेपर्यंत द्यावे, आणि बशीत साचलेले अर्ध्या तासात काढून टाकावे. तळाला भोक नसलेली चकचकीत कुंडी भेट म्हणून कितीही सुंदर दिसली, तरी वेलीसाठी ती विहीर आहे.

तांदूळ किंवा डाळ धुतलेले पाणी कुंडीला घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती चांगली आहे; फक्त ते रोज घालू नये आणि शिळे करून घालू नये, कारण त्यातील पिठाने मातीवर बुरशी येते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र टाळावे. त्यात क्षार एकवटलेले असतात. ते मातीत साठतात आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात.

बाटलीतल्या वेलीची कथा निराळी. तिथे मुळे पाण्यातच वाढलेली असल्याने त्या पाण्याला सरावतात, पण साचलेले पाणी म्हटले की डास आला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशा स्वच्छ, स्थिर पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास उबदार दिवसांत आठवडा-दहा दिवस पुरतात. अळ्या झाल्यानंतर पाणी ओतून देणे म्हणजे त्यांना मारणेच होय. म्हणून ती वेळ येऊ न देणे हा खरा उपाय. बाटलीच्या तोंडाशी वेलीभोवती स्वच्छ सुती कापडाची पट्टी नीट गुंडाळून बसवावी, म्हणजे डासाला आत वाव राहत नाही. आणि तरीही पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलावे, बाटली आतून घासून घ्यावी. ज्या घरात आठ-आठ दिवस यात्रेला जाणे होते, तिथे बाटलीपेक्षा मातीची कुंडी बरी. शिखरजीला निघण्यापूर्वी तिला एकदा भरपूर पाणी द्यावे, दारापासून दूर, सावलीत ठेवावे आणि निश्चिंत जावे. एखादा आठवडा ती सहज काढते.

मातीविषयी गोंदिया-भंडाऱ्याकडची एक अडचण आहे. इथली पुष्कळशी माती धानाच्या बांधीतली, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. धानाला तेच हवे असते. या वेलीला नेमके तेच नको असते. बांधीतली माती जशीच्या तशी कुंडीत भरली तर ती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते आणि पावसाळ्यात चिखल होते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत आणि एक भाग जाड वाळू अथवा नारळाचा भुसा असे मिश्रण करावे. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात धानाच्या तुसाला तोटा नाही. अर्धवट जाळून काळे केलेले तूस वाळूच्या जागी उत्तम चालते, माती भुसभुशीत राहते. पूर्ण जळालेली पांढरी राख मात्र निराळी. ती अल्कधर्मी असते आणि मूठभरसुद्धा अधिक होते.

खत विकत घेताना पिशवीवरचा मजकूर वाचण्याची सवय जैन घरांनी लावून घ्यावी. रोपवाटिकेत तयार मिश्रण म्हणून जे मिळते, त्यात पुष्कळदा बोनमील असते, म्हणजे हाडांचा चुरा. रक्ताची भुकटी, मासळीचे खत याही गोष्टी सेंद्रिय या गोड नावाखाली विकल्या जातात. ताटातला प्रत्येक घास तपासणाऱ्या घरात गल्ल्याशेजारच्या कुंडीत हाडांची पूड असावी, ही गोष्ट केवळ न वाचल्यामुळे घडते. गांडूळखताबद्दल मतभेद आहेत. ज्यांना गांडुळे वेगळी करण्याच्या क्रियेतील विराधना खटकते त्यांनी ते टाळावे. निंबोळी पेंड, शेंगदाण्याची पेंड आणि कुजलेला पाला एवढ्यावर या वेलीचे उत्तम भागते. दीड-दोन महिन्यांतून एक चमचा पेंड, तीही वाढीच्या दिवसांत. थंडीत खत देणे म्हणजे न भूक लागलेल्याला आग्रहाने वाढणे.

कुंडी बदलण्याचे काम दोन वर्षांतून एकदा पुरते, आणि त्यासाठी फाल्गुनाचा महिना चांगला. थंडी सरलेली असते, वाढ सुरू होणार असते, आणि चातुर्मासापूर्वी छाटणे, खणणे आटोपलेले असते. चातुर्मासात श्रावक हिरव्या पालेभाज्यांचाही त्याग करतो. त्या चार महिन्यांत वेलीलाही हात न लावता नुसते वाढू द्यावे. हवेत ओलावा असतो, तिच्या बेटासारखे हवामान मिळते, आणि वर्षभरात सर्वांत जोमाने ती त्याच काळात वाढते.

तिच्या परीक्षेचे दिवस दोन. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. उष्णतेपेक्षा हा कोरडेपणा तिला अधिक जाचतो. कूलरच्या खोलीत तिला बरे वाटते, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते. पण कूलरच्या झोताच्या अगदी समोर ठेवली तर पाने फडफडून कडेने वाळतात. कुंडीखाली परातीत खडे पसरून त्यांत पाणी ठेवावे असे सांगितले जाते. त्याने फारसे साधत नाही, आणि पुन्हा डासांचा प्रश्न आहेच. दोन-तीन कुंड्या असल्यास त्या जवळजवळ ठेवणे हा सोपा उपाय आहे. दुसरा कठीण काळ पौषातला. गोंदियात थंडीच्या लाटेत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. १५ अंशांच्या खाली ही वेल वाढ थांबवते आणि १० च्या खाली पानांवर काळसर ओलसर डाग दिसू लागतात. त्या रात्री खिडकीपासून आत सरकवणे एवढेच पुरे असते. पाणी मात्र तेव्हा फारच थोडे.

किडींच्या बाबतीत पडिलेहणाची सवय उपयोगी पडते. वस्त्र, पात्र, आसन वापरण्यापूर्वी जीवजंतू पाहून घेणे ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. तीच आठवड्यातून एकदा पानांच्या मागच्या बाजूला लावावी. किराणा आणि धान्याच्या दुकानात पानांवर धुळीचा थर बसतोच. आधी पान उलटून पाहावे, कोणी नाही अशी खात्री झाल्यावर मऊ ओल्या फडक्याने पुसावे. देठाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली तर तोही इशाराच समजावा, कारण या किडीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात. एकदा पुंजके वाढले की अहिंसक उपाय जवळजवळ उरत नाही; कडुनिंबाचे तेलही त्यांना मारतेच, ते नैसर्गिक आहे म्हणून हिंसा कमी होत नाही. अशा वेळी कुंडी घराबाहेर, सावलीत, इतर झाडांपासून वेगळी ठेवावी. मोकळ्या हवेत ढालकिड्यांसारखे कीटक पुष्कळदा आपल्या परीने समतोल साधतात. पण ही वेळ प्रायः नव्या रोपामुळे येते. बाजारातून आणलेले रोप दोन-तीन आठवडे अलग ठेवून पाहण्याचा संयम असेल, तर पुढचे सारे टळते.

मनीप्लांट हवा शुद्ध करते, हा दावाही विक्रेते नेहमी करतात. त्यामागे १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने केलेला प्रयोग आहे. तो बंदिस्त पेटीत केलेला होता. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला गेला तेव्हा दिसले की खिडकी उघडल्याने जितकी हवा बदलते, तितके काम रोपांकडून करवून घ्यायचे तर प्रत्येक चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १००० कुंड्या लागतील. तेव्हा खिडकी उघडावी.

सुरक्षेची बाब अधिक गंभीर आहे. ही वेल अळू आणि सुरण यांच्या कुळातली. अळू चिरताना हात खाजतात, चिंचेवाचून अळूवडी घशाला लागते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याला कारण होणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक मनीप्लांटच्या पानांत आणि देठांतही असतात. रांगत्या मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, ओठ आणि जीभ सुजते. मांजर, कुत्रा, वासरू यांनाही तोच त्रास. म्हणून लोंबती वेल मुलाच्या हाताच्या उंचीवर नको, आणि छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकणे तर मुळीच नको, कारण तिथे गायी-बकऱ्या तोंड घालतात. जी घरे गोशाळेला वर्षाकाठी देणगी देतात, त्यांच्याच कचऱ्यातून हे घडू नये.

छाटलेल्या वेलीचे काय करावे, हा प्रश्न चोरखमाऱ्यासारख्या गावाजवळ आणखी वाढतो. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. अशा अरण्याच्या कडेला आपण काय टाकतो, याला महत्त्व आहे. घाणेरी ही काटेरी झुडूप-वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात बागेची शोभा म्हणून आली. आज मध्य भारतातील जंगलांत हरणांच्या चाऱ्याची जागा तिने व्यापली आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठी हौसेने आणलेली. पूर्व विदर्भातील जुन्या तलावांच्या काठावर माजलेली बेशरम दक्षिण अमेरिकेतली. ती उपटून तलावांत पुन्हा स्थानिक पाणवनस्पती लावण्यासाठी भंडारा-गोंदियातील ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी गेली काही वर्षे कंबरभर पाण्यात उभे राहून कष्ट घेतले आहेत. यांतली एकही वनस्पती दुष्ट नव्हती. ती चुकीच्या जागी सोडली गेली.

मनीप्लांटनेही श्रीलंकेत, हवाईत आणि फ्लोरिडात बागेबाहेर पडून झाडे वेढली आहेत. बियांवाचून, केवळ फेकलेल्या तुकड्यांतून. नागझिऱ्याच्या उघड्या, कोरड्या रानात ती मे महिना काढेल असे वाटत नाही. पण तलावाच्या पाळीखालची झिरपती जागा, नाल्याची सावलीतली कपार, विहिरीभोवतीचा ओलावा अशा ठिकाणी एक पेर पुरे असते. वनसहलीला जाताना घरची उरलेली वेल ‘निसर्गात सोडून’ देण्याची कल्पना कोणाला दयाळूपणाची वाटली, तरी ती तशी नाही. परतताना अभयारण्यातून एखादे रोप किंवा फांदी घरच्या कुंडीसाठी उचलून आणणे तर कायद्यानेही गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेथील वनस्पतींनाही लागू आहे.

छाटणी झालीच तर तुकडे गच्चीवर जुन्या पोत्यावर पसरून कडक उन्हात ठेवावेत. ही वेल चिवट आहे. वरवर सुकलेल्या तुकड्याचे पेर आतून ओले असते आणि सावलीत पडले तर महिन्याने पुन्हा कोंब धरते. देठ बोटांत कडकन मोडेपर्यंत वाळू द्यावेत, आणि मगच ते कुंडीच्या खतात मिसळावेत. विदर्भातल्या चैत्र-वैशाखात त्याला आठ-दहा दिवस लागतात. नाल्यात, तलावाच्या काठी किंवा रस्त्याकडेच्या झाडीत एकही तुकडा टाकू नये.